थॉमस एकिन्सची नोकरी खरंच एका लंगोटापायी गेली का?

निब_आणि_शाई:
नमस्कार. मी नाशिकला एटीडीच्या (कलाशिक्षक पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. कलेच्या इतिहासाच्या आमच्या नोट्समध्ये अख्ख्या अमेरिकेला दीड पान दिलंय आणि त्यात थॉमस एकिन्सच्या वाट्याला तीन ओळी आल्यात. वास्तववादी चित्रकार, ‘द ग्रॉस क्लिनिक’ हे गाजलेलं चित्र, आणि मुलींच्या वर्गात पुरुष मॉडेलचा लंगोट सोडला म्हणून फिलाडेल्फियाच्या अकादमीने काढून टाकलं. बस्स. त्यावरून आमच्या ग्रुपवर जुंपली. एकीच्या मते तो कलेपायी हुतात्मा झालेला माणूस. दुसरी म्हणते, आज असता तर दुसऱ्या दिवशी पोलीस दारात. मला दोन्ही पटेना. आणि खरं सांगायचं तर या भांडणापेक्षा मला वेगळंच हवंय: हा माणूस वर्गात शिकवायचा काय आणि कसा? उद्या मलाही वर्गावर उभं राहायचंय. कुणाला नीट माहीत असेल तर लिहा. थोडक्यात नको.

पाटीपेन्सिल:
व्हिक्टोरियन काळ होता, दुसरं काय असणार! पियानोच्या पायांनासुद्धा कपडे घालणारी माणसं ती. त्यांच्यापुढे लंगोट सोडल्यावर नोकरी राहते होय? विषय संपला.

बरगडी:
विषय संपला नाही, पाटीपेन्सिल. पियानोच्या पायांची गोष्ट ही लोकांनी रचलेली गंमत आहे, ती सोडा. आणि पेनसिल्व्हेनिया अकादमी, म्हणजे निबने लिहिलेली हीच फिलाडेल्फियाची कलाशाळा, त्या काळाच्या मानाने सोवळी अजिबात नव्हती. विवस्त्र स्त्री-मॉडेल बसवून मुलींचा वेगळा लाइफ क्लास तिथे १८६८ मध्येच सुरू झाला होता. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत मुलींना नुसता प्रवेश मिळायला १८९७ उजाडलं.

निब, तुला थोडक्यात नकोय ना, मग बस निवांत. मी जन्मभर कला महाविद्यालयात ॲनाटॉमी शिकवली, आता निवृत्त आहे. लेक न्यू जर्सीत असते, त्यामुळे नदी ओलांडून फिलाडेल्फियाला जाणं होतं. एकिन्सवर माझं प्रेम आहे आणि रागही आहे. दोन्ही लिहिते.

जन्म १८४४, फिलाडेल्फियाचाच. वडील बेंजामिन हे सुंदर हस्ताक्षराचे मास्तर. शाळांतून अक्षर शिकवायचे, पदवीच्या प्रमाणपत्रांवर वळणदार नावं घालून द्यायचे. म्हणजे पोराने घरात पहिल्यापासून काय पाहिलं, तर आखलेली रेघ आणि तिची शिस्त. हायस्कूलमध्ये यांत्रिक ड्रॉइंग आणि पर्स्पेक्टिव्ह. पुढे अकादमीत नाव घातलं आणि त्याच सुमाराला जेफरसन मेडिकल कॉलेजमध्ये शरीररचनेच्या व्याख्यानांना जाऊन बसायला लागला. १८६६ मध्ये पॅरिसला, जेरोम या फ्रेंच चित्रकाराकडे शिकायला. तीन वर्षांनी स्पेनला जाऊन वेलाझ्केझ आणि रिबेरा या जुन्या चित्रकारांची चित्रं पाहिली, आणि १८७० मध्ये जो घरी परतला तो कायमचा. माउंट व्हर्नन स्ट्रीटवरचं १७२९ नंबरचं घर वडिलांचं. चित्रं विकली नाहीत तरी चूल पेटणार होती. हे लक्षात ठेव, त्याच्या हट्टाचं निम्मं बळ इथे आहे. भाडं थकलेल्या माणसाला इतकं ताठ राहणं परवडत नाही.

आता वर्ग. १८७६ मध्ये अकादमीची नवी इमारत उघडली तेव्हा क्रिस्टियन शुसेल हे मुख्य शिक्षक होते. त्यांचा हात कापायचा. एकिन्स त्यांच्या मदतीला बिनपगारी उभा राहिला. शुसेल १८७९ मध्ये वारले आणि त्यांची जागा एकिन्सला मिळाली, १८८२ मध्ये तो शाळेचा संचालक झाला. या दहाएक वर्षांत त्याने शाळा उलटीपालटी करून टाकली.

तू एटीडीला आहेस म्हणजे प्लास्टरच्या पुतळ्यांवरून केलेला अभ्यास तुला माहीत असणार. तेव्हा मुलांची वर्षं त्यात जायची. आधी चारकोल, मग स्टम्पने (कागदाच्या घट्ट गुंडाळीने) घासून घासून मऊ शेडिंग, आणि रंग केव्हा तर गुरुजी म्हणतील तेव्हा. एकिन्सने मुलांना पुतळ्यांवरून लवकर उठवलं आणि जिवंत माणसापुढे बसवून थेट हातात ब्रश दिला. त्याचं म्हणणं असं की ब्रश हे पेन्सिलीच्या टोकापेक्षा आणि स्टम्पपेक्षा जोरकस आणि वेगवान हत्यार आहे. आकार आधी वस्तुमान म्हणून पकडायचा, कडा मागाहून. अडला तर माती घे आणि तोच आकार हाताने घडव, मग पुन्हा कॅनव्हासकडे ये.

आणि खाली शवविच्छेदनाची खोली. डॉ. विल्यम कीन ॲनाटॉमीची व्याख्यानं द्यायचे (हेच कीन पुढे १८९३ मध्ये अध्यक्ष क्लीव्हलंड यांच्यावर बोटीवर गुपचूप झालेल्या शस्त्रक्रियेत होते). पुढे गेलेले विद्यार्थी स्वतः चिरफाड करायचे, स्नायू मोकळे करून त्यांचे प्लास्टरचे साचे घ्यायचे. घोडासुद्धा कापला जायचा. जिवंत जनावरंही वर्गात यायची. १८८२ च्या आसपासचा एक फोटो आहे, मुलींचा मॉडेलिंगचा वर्ग. लांब झगे घातलेल्या मुली स्टँडवर माती थापतायत आणि मधोमध मॉडेल म्हणून एक गाय उभी आहे. गायीचा चेहरा असा, की हे सगळं तिच्या रोजच्यातलंच आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा फोटो पहिल्याच तासाला दाखवायची. ॲनाटॉमी म्हटलं की धसका घेतलेली पोरं तो पाहून हसायची आणि पुढच्या तासाला स्वतःहून यायची.

बोलायचा कमी. हेन्री ओसावा टॅनर हा कृष्णवर्णीय चित्रकार त्याचा विद्यार्थी. टॅनरने पुढे लिहून ठेवलंय की एक अभ्यासचित्र बरं जमलं म्हणून तो पुढे हात लावायला घाबरत होता, बिघडेल म्हणून. एकिन्सने विचारलं, इतका वेळ करतोयस काय? एक तर सुधार नाहीतर बिघडव, मध्येच तडजोड करून थांबू नकोस. शिक्षकाने द्यावा असा याहून कामाचा सल्ला मला तरी ठाऊक नाही. पोरं बिघडण्याला जेवढी भितात तेवढी न जमण्याला भीत नाहीत.

आता लंगोट. जानेवारी १८८६. कंबरेच्या हाडांवर व्याख्यान चालू, वर्गात मुलीही होत्या. एक स्नायू कुठून निघून कुठे जातो ते दाखवायचं होतं, तो लंगोटाखाली झाकला जात होता, म्हणून त्याने मॉडेलचा लंगोट सोडला. संचालक मंडळाच्या एडवर्ड कोट्स यांनी राजीनामा मागितला आणि ९ फेब्रुवारीला एकिन्सने तो दिला. घडलं ते एवढंच. पण ही ठिणगी होती, खाली दारू कधीची साठली होती. १८८२ मध्येच अकादमीच्या अध्यक्षांना नुसत्या आद्याक्षरांची सही असलेलं एक पत्र आलं होतं. कोवळ्या मुलींना नग्न पुरुष बघायला लावता, याने त्यांचं काय भलं होणार, अशा आशयाचं. शिवाय ज्यांना नक्षीकाम किंवा इलस्ट्रेशन करून पोट भरायचं होतं अशांनाही हा सरसकट मुडद्यांकडे पिटाळतो, अशी कुरकुर होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे घरभेदी. त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा फ्रँक स्टीफन्स त्याच्यावर तुटून पडला होता. त्याचा मदतनीस थॉमस अन्शुट्झही आरोप करणाऱ्यांत होता, तोच पुढे अकादमीत एकिन्सच्या शिकवण्याचा वारस झाला. बरेच विद्यार्थी मात्र एकिन्सच्या मागे उभे राहिले. त्यातले काही अकादमी सोडून गेले, ‘आर्ट स्टुडंट्स लीग ऑफ फिलाडेल्फिया’ नावाची शाळा काढली आणि गुरूला बोलावलं. तिथे तो काही वर्षं बिनपगारी शिकवत होता.

डॉ_चिमटा:
बरगडीताई, छान. मी निवृत्त सर्जन आहे, चित्रकलेतलं मला फारसं कळत नाही, पण ‘ग्रॉस क्लिनिक’ आमच्या धंद्यातलं चित्र आहे म्हणून मध्ये तोंड घालतो.

१८७५ चं चित्र. सत्तरीचे डॉ. सॅम्युअल ग्रॉस जेफरसनच्या ॲम्फिथिएटरमध्ये ऑपरेशन करतायत. मांडीच्या हाडाला जुनाट संसर्ग होऊन त्याचा तुकडा मेलाय, तो काढायचा आहे. त्याआधीच्या काळात अशा रोग्याचा पाय सरळ कापत. ग्रॉस पाय वाचवतायत, चित्राचा खरा विषय हा. लोकांना दिसतं ते बोटांवरचं आणि स्काल्पेलवरचं रक्त. आता बाकीचं बघा: डॉक्टर रोजच्या काळ्या कोटात, हातमोजे नाहीत, ॲप्रन नाही, मदतनीस तशाच कपड्यांनी जखमेत हात घालून. रोग्याचं तोंड क्लोरोफॉर्मच्या फडक्याखाली गेलेलं, आपल्याला दिसते मांडी, नितंब आणि पायातले राखाडी लोकरी मोजे. ते मोजे पाहून माझ्या पोटात कालवलं, रक्त पाहून नाही. माणूस थंडीचा घरून आला असणार.

पुढच्याच वर्षी ब्रिटिश सर्जन लिस्टर स्वतः फिलाडेल्फियाला आले, आपली जंतुनाशक पद्धत समजावून सांगितली. ग्रॉसना पटली नाही. आणि एकिन्सचंच १८८९ चं ‘ॲग्न्यू क्लिनिक’ शेजारी ठेवा: सर्जन आणि मदतनीस पांढऱ्या कपड्यांत, स्वच्छ उजेड, प्रशिक्षित नर्स उभी. चौदा वर्षांत ऑपरेशन थिएटर कसं बदललं ते मला कुठल्याही पुस्तकाने इतकं नेमकं दाखवलं नाही.

निब_आणि_शाई:
बापरे, हे सगळं नोट्समध्ये का नाही? ताई, पण तुम्ही रागही आहे म्हणालात, त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत. आणि त्या वर्गातल्या मुलींचं पुढे काय झालं?

बरगडी:
डॉक्टर, मोज्यांबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. त्या चित्रात डाव्या बाजूला तोंड झाकून आक्रसलेली एक बाई आहे, रोग्याची आई धरतात तिला. तिची बोटं बघा पुढच्या वेळी. आकड्यांसारखी वळलीयत. वर्गात हात काढायला शिकवताना मी नेहमी तेवढाच तुकडा झूम करून लावायची.

निब, राग सांगते. पण आधी हे चित्र विकलं कितीला ते ऐक. शंभर वर्षांच्या स्वातंत्र्याचं मोठं प्रदर्शन १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला भरलं, तिथल्या कलादालनात या चित्राला जागा मिळाली नाही. ते टांगलं कुठे, तर लष्करी इस्पितळाचा नमुना उभा केला होता त्यात. १८७८ मध्ये जेफरसन कॉलेजने ते २०० डॉलरला घेतलं. २००६ मध्ये विकायला काढलं तेव्हा किंमत ठरली ६ कोटी ८० लाख डॉलर, आणि चित्र गावाबाहेर जाणार म्हटल्यावर फिलाडेल्फियाचे लोक खडबडून जागे झाले. हजारो जणांनी वर्गणी दिली. तरी पैसे पुरेनात, तेव्हा अकादमीने स्वतःकडचं एकिन्सचंच ‘द सेलो प्लेयर’ विकून टाकलं, जे त्याच्या हयातीत तिने त्याच्याकडून विकत घेतलं होतं. आता ‘ग्रॉस क्लिनिक’ अकादमी आणि फिलाडेल्फिया म्युझियम यांच्या सामाईक मालकीचं आहे. ज्या दारातून माणसाला बाहेर काढलं त्याच दारात त्याच्यासाठी झोळी फिरली. असो.

राग असा. एकिन्स हुतात्मा आहे ही गोष्ट १९३० च्या दशकात पक्की झाली, त्याचं पहिलं मोठं चरित्र आलं तेव्हा. मग चार्ल्स ब्रेग्लर नावाच्या त्याच्या विद्यार्थ्याने जिवापाड जपलेले कागद आणि फोटो १९८५ मध्ये अकादमीकडे आले आणि चित्र गुंतागुंतीचं झालं. तो विद्यार्थ्यांचे आणि स्वतःचे विवस्त्र फोटो काढत असे, हालचालीच्या अभ्यासासाठी म्हणून. अमेलिया व्हॅन ब्युरेन या विद्यार्थिनीने कंबरेच्या हालचालीबद्दल काही विचारलं, तर त्याने स्वतःचे कपडे उतरवून तिला ती दाखवली. हे त्याने स्वतःच लिहून दिलंय, आणि असल्या गोष्टीवर कुणी हरकत घ्यावी याचंच त्याला नवल वाटत होतं. बाई पुढे त्याची मैत्रीण राहिली. १८९१ च्या सुमाराचं तिचं पोर्ट्रेट त्याच्या उत्तम चित्रांपैकी एक आहे, हातावर डोकं टेकवून खुर्चीत रेललेली, थकलेली, हुशार बाई. म्हणजे तिची तक्रार नव्हती. पण सगळ्याच जणी व्हॅन ब्युरेन नव्हत्या. १८९५ मध्ये ड्रेक्सेल इन्स्टिट्यूटमध्ये मुलामुलींच्या एकत्र वर्गात त्याने पुन्हा विवस्त्र पुरुष मॉडेल उभा केला आणि तिथलीही व्याख्यानं बंद पडली. १८९७ मध्ये त्याच्या भाचीने, एला क्रोवेलने, स्वतःवर गोळी झाडून घेतली. ती त्याच्याकडे शिकलेली होती. तिच्या आईवडिलांनी त्याला दोषी धरलं आणि घराचे दरवाजे बंद झाले ते झालेच.

आता मी, एक ॲनाटॉमीची मास्तरीण, यावर काय म्हणते? स्नायू दाखवण्यात तो बरोबर होता. वर्गात झाकून शिकवलेली कंबर विद्यार्थ्याला आयुष्यभर काढता येत नाही, हे मी शेकडो कागदांवर पाहिलंय. कंबरेजवळ येऊन रेघ गडबडते आणि मग पोरं तिथे एक धोतर नाहीतर पाटलोण टाकून मोकळी होतात. पण शिक्षकाला ‘नको’ म्हणणं विद्यार्थ्याला किती जड जातं, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. त्याच्या लेखी समोर शरीर होतं, आणि शरीर खरं आहे म्हणजे प्रश्न मिटला. आमच्या वर्गात मॉडेल म्हणून एक बाई यायच्या. पोझ सुरू व्हायच्या आधी दाराला आतून कडी, थंडीत पायाशी हीटर, आणि पोरांनी बाईंना नमस्कार केल्याशिवाय बोर्डला हात लावायचा नाही. पोझ नको वाटली तर बाई नुसता हात वर करायच्या, कारण कुणी विचारायचं नाही. हे नियम मी केले तेव्हा काही सहकारी हसले होते.

गंमत म्हणजे एकिन्सला हे सुचत नव्हतं असंही नाही. सुरुवातीला, १८७६ मध्ये, त्याने अकादमीला लिहिलं होतं की मॉडेल बदनाम वस्त्यांतून आणता त्यापेक्षा रीतसर जाहिरात द्या. घरंदाज बायका येऊ देत, सोबत आईला किंवा नात्यातल्या बाईला बसू द्या, तासाला एक डॉलर द्या. इतकं व्यवहारी आणि माणुसकीचं लिहिणारा माणूस दहा वर्षांत विद्यार्थिनीपुढे स्वतः कपडे उतरवतो. याची संगती मला लावता येत नाही आणि मी लावतही बसत नाही.

मुलींचं विचारलंस. सुसान मॅक्डॉवेल हिने १८७६ मध्ये ‘ग्रॉस क्लिनिक’ पाहिलं आणि याच्याकडेच शिकायचं ठरवलं. १८७९ मध्ये अकादमीने स्त्री चित्रकारांसाठी पहिल्यांदा दिलेलं मेरी स्मिथ पारितोषिक तिचं. १८८४ मध्ये तिने एकिन्सशी लग्न केलं आणि मग घर, पाहुणे, त्याची चित्रं, त्याची भांडणं. स्वतःच्या कामाला ती मोकळी झाली ती १९१६ मध्ये तो गेल्यावर. आपल्याकडेही अशा किती जणी सापडतील, नावं घेत नाही. दुसरी ॲलिस बार्बर. मुलींच्या लाइफ क्लासचं चित्र तिनेच काढून ठेवलंय, पाठमोरी मॉडेल आणि भोवती ईझलांची दाटी. ती पुढे मोठी इलस्ट्रेटर झाली.

कल्याणकर:
एक शंका. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियालाच शिकत होत्या ना? साल जुळतंय असं वाटतंय.

बरगडी:
अगदी जुळतंय. १८८३ ते ८६, वुमन्स मेडिकल कॉलेज. ११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली, समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. एकिन्सचा राजीनामा ९ फेब्रुवारीचा. म्हणजे एकाच शहरात, महिन्याच्या अंतराने. दोघांची गाठ पडली असं मी म्हणत नाही, उगीच कादंबरी नको. पण एवढं बघा, डॉक्टर होणाऱ्या मुलींना तिथे शरीररचना शिकता येत होती, कारण कॉलेज बायकांचं स्वतःचं होतं. त्याच कॉलेजच्या मुली १८६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये पुरुषांबरोबर क्लिनिकल व्याख्यानाला जाऊन बसल्या तेव्हा त्यांच्यावर थुंकले, कागदाचे बोळे मारले. आणि डॉक्टरांनी वर ज्यांचं नाव घेतलं ते ॲग्न्यू! स्त्री-विद्यार्थ्यांना व्याख्यानाला बसवण्यावरून त्यांनी त्या इस्पितळाची जागाच सोडली होती. त्यांच्या चित्रात अख्ख्या थिएटरात शुद्धीवर असलेली एकच बाई आहे, नर्स मेरी क्लायमर. रोगी बाईवर स्तनाची शस्त्रक्रिया चालू आहे आणि बघायला पुरुषांच्या रांगा. आनंदीबाईंच्या कॉलेजात हेच दृश्य उलटं दिसलं असतं.

पाटीपेन्सिल:
बरं, माझा पियानो मागे घेतो. पण ताई, नोकरी गेल्यावर तो करत काय होता? घरची चूल पेटत होती म्हणालात, पण चित्रं?

बरगडी:
पोर्ट्रेटं. पण बहुतेक स्वतःहून सांगून काढलेली, कारण पैसे देऊन कुणी फारसं येत नव्हतं. आले ते खूश होऊन गेले नाहीत. माणूस दहा वर्षांनी म्हातारा आणि मनातून दमलेला दिसायचा त्याच्या चित्रात. कित्येकांनी चित्रं माळ्यावर टाकली, काहींनी नष्ट केली. कवी वॉल्ट व्हिटमन मात्र त्याच्यावर फिदा होता. नदीच्या न्यू जर्सीकडच्या बाजूला, कॅम्डनला राहायचा, १८८७-८८ मध्ये एकिन्सने त्याला रंगवलं. व्हिटमनचं म्हणणं, जे असायला हवं ते न बघता जे आहे तेच बघणारा असा हा एकच चित्रकार मला भेटला.

त्याच्या कामाची रीत कळायला ‘द कॉन्सर्ट सिंगर’ बघा. वेडा कुक ही गायिका १८९० ते ९२ अशी दोन वर्षं त्याच्यापुढे उभी राहत होती. दर बैठकीला तो तिला मेंडेल्सनचं एक ठरलेलं गीत म्हणायला लावायचा आणि गळ्याचे स्नायू कसे ताणले जातात ते भिंगातून पाहावं तसं पाहायचा. चित्रात ती ज्या स्वरावर थांबलीय तो स्वर गाणाऱ्या माणसाला म्हणे ओळखू येतो. खाली कोपऱ्यात संगीत-संचालकाचा नुसता हात आणि त्यातली काठी. बाई शेवटी यायची बंद झाली, तर या पठ्ठ्याने तिचा झगा आणि तिचे बूट मागवून चित्र पुरं केलं.

गणिताचा तर नादच. होड्यांची चित्रं करताना पर्स्पेक्टिव्हचे एवढे मोजून-मापून आराखडे काढायचा की १८७२ च्या एका चित्रावरून अभ्यासकांनी सूर्याची जागा काढली आणि संध्याकाळचे सात वाजून वीस मिनिटं झालीत असं सांगितलं. पण हाच नाद अंगाशीही यायचा. फेअरमन रॉजर्सच्या चौघोडी बग्गीचं चित्र आहे, १८७९-८० चं. घोड्यांचे पाय मायब्रिज या फोटोग्राफरने काढलेल्या धावत्या घोड्यांच्या फोटोंवरून अगदी बरोबर, जागच्या जागी गोठलेले. आणि चाकं मात्र गरगर फिरतायत, आरे धुरकट झालेले. पाय थांबले आणि चाकं पळाली! वर्गात मी हे चित्र लावून विचारायची, बग्गी चालतेय का उभी? भांडणं व्हायची नुसती.

आणि पदकाची गोष्ट राहिली. १९०४ मध्ये अकादमीने त्याला टेम्पल सुवर्णपदक दिलं. साठीचा एकिन्स सायकलवरून, सायकलच्या पँटमध्ये पदक घ्यायला गेला, मला पदक द्यायला तुम्हाला भलतीच हिंमत आहे असं तोंडावर सुनावलं, आणि तिथून सायकल थेट टांकसाळीकडे. पदक वितळवून रोख पैसे घेतले. त्याच्या सगळ्या हट्टांपैकी हा एक मला मनापासून आवडतो.

निब_आणि_शाई:
ताई, पदक! कमाल. आता शेवटचं आणि स्वार्थी. मला पुढच्या महिन्यात सरावपाठ घ्यायचाय, आठवीचा वर्ग, पस्तीस मिनिटं. मुडदे तर आणता येणार नाहीत. एकिन्सचं काही त्या वर्गात चालेल का?

बरगडी:
चालेल की. ब्रेग्लरने गुरूची बोलणी टिपून ठेवलीत, त्यात नवशिक्यांसाठी एक काम आहे: अंडं किंवा संत्रं, काळ्या कापडाचा तुकडा आणि पांढरा कागद घ्या आणि उजेड व रंग पकडायचा प्रयत्न करा. एवढंच. आठवीला पोस्टर कलर द्या. पेन्सिलीने बाह्यरेषा काढू देऊ नकोस. सुरुवातीला पोरं कावरीबावरी होतील, होऊ देत. टेबल खिडकीशी घे आणि वरची ट्यूब बंद कर, नाहीतर दोन सावल्या पडून सगळ्यांचा गोंधळ होईल. आधी विचार: अंड्याचा सावलीतला पांढरा जास्त काळा की काळ्या कापडाचा उजेडातला काळा? अर्धा वर्ग चुकीचं उत्तर देईल. मग डोळे बारीक करून बघायला लाव.

पर्यवेक्षक मागे बसलेले असतील आणि पाठ-टाचणात ‘बाह्यरेषा’ हा टप्पा हवाच म्हणतील, तर लिहून टाक, वर्गात करू नकोस. आणि अंडी उकडून ने. चार-पाच जास्तीची ठेव, मागच्या बाकावरची पोरं खातात.

डॉ_चिमटा:
संत्रं तरी मला द्या म्हणावं.